शिकणाऱ्याची बॅट



सोयाबीनची रास घरात आली, कापसाची पहिली वेचणी उरकली, की हिमायतनगरच्या आसपास गावोगाव मोकळ्या वावरांत तीन काठ्या रोवल्या जातात आणि क्रिकेट सुरू होते. महाशिवरात्रीच्या परमेश्वराच्या यात्रेपर्यंत हा हंगाम ऐन भरात असतो. याच दिवसांत घरोघर एक मागणी पुढे येते. मुलगा म्हणतो, "बाबा, मला बॅट पाहिजे. अन् साधी नको, लेदर बॉलची, मोठ्या खेळाडूची असते तसली पाहिजे."

वडील बैलाचे दात पाहून त्याचे वय सांगतील, कापसाचा धागा चिमटीत ओढून त्याची प्रत सांगतील. पण बॅटच्या बाबतीत ते दुकानदाराच्या आणि मुलाच्या स्वाधीन असतात. नांदेडच्या दुकानात मुलगा चिकटवलेले चित्र बघतो, दुकानदार महागातली महाग बॅट पुढे करतो आणि कापसाच्या पैशांतून एक मोठा हिस्सा तिथे जातो. पुढे होते काय? पुष्कळदा असे होते, की चार महिन्यांत ती बॅट कोपऱ्यात उभी राहते आणि मुलगा म्हणतो, "मला क्रिकेट जमत नाही." पैसे गेले ते गेलेच, पण खरे नुकसान दुसरेच आहे. जमत नव्हते ते त्या बॅटने जमत नव्हते, आणि मुलाने मात्र दोष स्वतःच्या हाताला लावून घेतला.

म्हणून आज मी या एकाच प्रश्नाचा विचार आपल्यापुढे ठेवणार आहे. शिकणाऱ्याने साधन कोणते घ्यावे? तरबेज माणसाच्या हातात असते ते, की आपल्या आजच्या हाताला झेपते ते? प्रश्न बॅटचा असला, तरी तो बॅटपुरता नाही, हे पुढे लक्षात येईलच.

प्रथम बॅट म्हणजे काय ते नीट पाहू. आपण कुऱ्हाडीने लाकूड फोडता तेव्हा एक अनुभव नेहमी येतो. घाव बरोबर बसला तर हाताला काही जाणवतच नाही, लाकूड आपोआप दुभंगते. घाव जरा चुकला, की दांड्यातून कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. बॅटचेही तसेच आहे. बॅटच्या पात्यावर, खालच्या टोकापासून साधारण वीतभराच्या आत-बाहेर, एक जागा असते. चेंडू तिथे लागला तर हाताला हिसका बसत नाही आणि चेंडू बंदुकीतून सुटल्यासारखा जातो. त्या जागेच्या वर, खाली किंवा कडेला चेंडू लागला, की बॅट हातात फिरते, हात झिणझिणतो आणि चेंडू जेमतेम चार पावले जातो. फलंदाजी शिकणे म्हणजे बऱ्याच अंशी चेंडू त्या जागेवर वेळेत आणणे शिकणे होय.

'वेळेत' हा शब्द महत्त्वाचा आहे. खेळपट्टीची लांबी २२ यार्ड, म्हणजे सुमारे २० मीटर. चौदा-पंधरा वर्षांच्या चांगल्या गोलंदाजाचा चेंडू ताशी ८० किलोमीटर वेगाने आला, तरी तो फलंदाजापर्यंत पोहोचायला एक सेकंदसुद्धा लागत नाही. तेवढ्यात चेंडू ओळखायचा, पाय हलवायचा आणि बॅट आणायची. बॅट जड असेल तर ती उशिरा येते. डोळ्याने बरोबर पाहिले, पाय बरोबर पडला, पण बॅट पोहोचली नाही, असे होते. गुरुजी ओरडतात, "नजर ठेव चेंडूवर!" नजर चेंडूवरच असते हो, हात मागे पडलेला असतो.

वजनही दोन तऱ्हेचे असते. एक तराजूतले आणि एक हातातले. खोरे दांड्याच्या टोकाला धरून आडवे उचलून बघा आणि मग तेच पात्याजवळ धरून उचला. तराजूत वजन तेच. पण पहिल्या वेळी मनगट वाकते, दुसऱ्या वेळी काही वाटत नाही. कारण वजन मुठीपासून जितके दूर, तितके ते हाताला जड. दोन बॅटा तराजूत सारख्या भरल्या, तरी जिचे वजन खालच्या टोकाकडे आहे ती फिरवायला जड जाते. म्हणून बॅट घेताना तराजूवर विश्वास ठेवू नये, मनगटावर ठेवावा.

आता मोठ्या खेळाडूंकडे वळू, कारण मुलांचे सारे लक्ष तिकडे असते. सचिन तेंडुलकर यांची बॅट तीन पौंडांहून जड असे, हे सर्वश्रुत आहे. ऑस्ट्रेलियाचे डॉन ब्रॅडमन हे १९४८ साली कसोटी क्रिकेटमधून निवृत्त झाले, तेव्हा त्यांची सरासरी ९९.९४ धावांची होती. आजवर तिच्या जवळपासही कोणी पोहोचलेले नाही. त्यांची बॅट सव्वादोन पौंडांच्या आसपास, म्हणजे आजच्या मानाने फारच हलकी होती. एकाच खेळातले दोन महापुरुष आणि त्यांच्या बॅटांत जवळजवळ एका पौंडाचा फरक! मग मुलाने कोणाची बॅट घ्यावी? उत्तर उघड आहे. दोघांचीही नाही. त्यांनी आपापल्या हाताला साजेल ते घेतले. आपण त्यांच्यापासून उचलायची असेल तर ती निवड उचलावी, ती बॅट नव्हे.

हीच गोष्ट दुसऱ्या एका खेळात फार स्पष्टपणे दिसते. तो खेळ आपल्या भागात कोणी खेळत नाही. पण त्याची एक शिकवण आपल्या गावच्या मैदानापर्यंत येऊन पोहोचली आहे, म्हणून त्याच्याविषयी थोडे सांगतो. खेळ आहे गोल्फ. महाराष्ट्रात मुंबईला चेंबूर येथे आणि पुण्याला येरवड्यात त्याची जुनी मैदाने आहेत. पुण्याचे उदयन माने आणि पुण्यात जन्मलेले अनिर्बन लाहिरी हे दोघे २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे गोल्फ खेळले. तेव्हा हा खेळ आपल्याला अगदीच परका आहे असे नाही.

गोल्फमध्ये एक लहानसा कडक चेंडू, कागदी लिंबाएवढा, जमिनीवर ठेवलेला असतो. लांब काठीने तो टोलवत टोलवत दूरच्या एका खळग्यात कमीत कमी टोल्यांत घालायचा. विटीदांडूचा आणि गोट्यांचा हा एक श्रीमंत चुलतभाऊच म्हणा. खेळाडूला जास्तीत जास्त १४ काठ्या जवळ बाळगता येतात. त्यांतल्या लोखंडी डोक्याच्या काठ्यांना 'आयर्न' म्हणतात आणि त्यांना क्रमांक असतात. लहान क्रमांकाच्या काठीचा दांडा लांब आणि तिचे तोंड उभे. तिने चेंडू लांब जातो, पण ती खेळायला अवघड. मोठ्या क्रमांकाच्या काठीचा दांडा आखूड आणि तिचे तोंड मागे कललेले. तिने चेंडू उंच उडून जवळ पडतो आणि ती त्या मानाने सोपी.

पूर्वी या काठ्यांची डोकी पोलादाच्या एका सलग तुकड्यातून ठोकून घडवलेली असत. विळ्याच्या पात्यासारखी ती पातळ आणि सडपातळ दिसतात, म्हणून त्यांना 'ब्लेड' म्हणतात. या डोक्याचे बहुतेक वजन मधल्या भागामागे एकवटलेले असते. चेंडू बरोबर मध्ये लागला तर त्यासारखे सुख नाही, असे खेळणारे सांगतात. बोटभर बाजूला लागला, की डोके हातात फिरते, चेंडू भलतीकडे जातो आणि हाताला चटका बसतो.

पुढे अमेरिकेत कार्स्टेन सोल्हाइम नावाचे एक इंजिनिअर झाले. ते मूळचे नॉर्वेचे, नोकरी विजेच्या यंत्रांच्या एका मोठ्या कंपनीत. त्यांनी १९५९ साली घरच्या गॅरेजमध्ये गोल्फची एक काठी तयार केली. चेंडूला लागताच तिचा 'पिंग' असा आवाज होई, म्हणून तिचे आणि पुढे कंपनीचेही नाव 'पिंग' पडले. त्यांची कल्पना अशी, की डोक्याच्या मधले वजन काढून ते कडांना न्यावे. ही कल्पना त्यांनी पुढे लोखंडी काठ्यांनाही लावली. अशा डोक्याची पाठ खोदल्यासारखी पोकळ दिसते. कडांना वजन असल्यामुळे चेंडू जरा बाजूला लागला तरी डोके फारसे फिरत नाही.

हे कसे होते ते समजायला कावड पुरे आहे. खांद्यावर कावड, दोन्ही टोकांना भरलेल्या घागरी. आता जागच्या जागी झटक्याने वळून बघा. कावड लवकर वळत नाही आणि वळू लागली तर लवकर थांबत नाही. त्याच दोन घागरी सरकवून खांद्याजवळ आणा. वजन तेवढेच, पण आता कावड गर्रकन फिरते. डोंबारी दोरावर चालताना हातात लांब काठी आडवी धरतो, ती याचसाठी. वजन कडांना पसरले, की वस्तू वळायला नाखूश असते. मध्यात एकवटले, की थोड्या धक्क्यानेही फिरते. जुन्या पातळ डोक्याच्या काठीत वजन मध्यात आहे, पोकळ पाठीच्या काठीत ते कडांना आहे. फरक काय तो एवढाच.

आता गोल्फ शिकणाऱ्यापुढे प्रश्न पडला. मोठमोठे खेळाडू तर पातळ पात्याच्याच काठ्या वापरताना दिसतात. आपण सुधारतो आहोत, मग आपणही त्याच घ्याव्यात का? यावर तिथे वर्षानुवर्षे वाद चालला आहे. एक पक्ष म्हणतो, "पातळ काठीच घ्या. ती खोटे बोलत नाही. चूक झाली की तत्काळ हातात सांगते. पोकळ काठी चूक झाकते, म्हणून हात सुधारत नाही." दुसरा पक्ष म्हणतो, "चूक सांगून काय उपयोग? शिकणाऱ्याच्या दहा टोल्यांतले सात चुकतात. सात वेळा चटका बसला की तो घाबरतो, हात आखडतो आणि अधिकच चुकतो."

मला दोन्ही पक्षांत तथ्य दिसते. पण ते वेगवेगळ्या जागी आहे. साधनाने चूक सांगणे चांगलेच. मात्र ती ऐकून दुरुस्त करण्याइतका हात तयार असला पाहिजे आणि चुकीची किंमत परवडण्यासारखी असली पाहिजे. म्हणून तिथले पुष्कळ जाणते खेळाडू एक मधला मार्ग काढतात. लांब दांड्याच्या अवघड काठ्या ते पोकळ पाठीच्या घेतात आणि आखूड, सोप्या काठ्या पातळ पात्याच्या. म्हणजे जिथे चूक होण्याचा संभव अधिक, तिथे सांभाळून घेणारे साधन. आणि जिथे हात बसला आहे, तिथे खरे बोलणारे साधन. शिकणाऱ्याने अभिमान बाजूला ठेवून असा हिशेब केला, तर त्याचे फारसे चुकणार नाही.

गोल्फची शिकवण आपल्या मैदानापर्यंत आली असे मी मघाशी म्हटले, ते असे. कडांना वजन नेण्याची हीच कल्पना १९७०च्या दशकात क्रिकेटमध्ये आली. ग्रे-निकल्स या इंग्रज कंपनीने पाठ खोदलेली बॅट काढली आणि तिला 'स्कूप' हे नाव पडले. आज गावोगावच्या टेनिस चेंडूच्या सामन्यांत आपली पोरे पाठीला खळगा असलेली, जाड कडांची जी बॅट फिरवतात, ती त्याच कुळातली. तिच्या मधले लाकूड काढल्याने वजन कमी झाले, कडा जाड राहिल्याने चेंडू कडेला लागला तरी बॅट कमी फिरली. टेनिसचा चेंडू मऊ आणि हलका, त्याला ही बॅट फार छान.

आता अडचण येते ती पुढच्या पायरीला. पोरगा टेनिस चेंडूवर षटकार मारू लागला, की त्याला वाटते, आता लेदरचा चेंडू घ्यावा आणि एकदम मोठी बॅट घ्यावी. लेदरचा पूर्ण चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा, लाकडासारखा कडक. तो कडेला लागला तर टेनिस चेंडूसारखे भागत नाही. हात झिणझिणतो, झेल उडतो आणि पातळ केलेली बॅट असेल तर ती चिरते. तेव्हा टेनिसची बॅट लेदरच्या चेंडूला वापरू नये हे खरे. परंतु म्हणून प्रौढ माणसाची बॅट चाळीस किलोच्या मुलाच्या हातात द्यावी, असे मात्र होत नाही. मोठ्या माणसाची बॅट साधारण ११०० ते १२५० ग्रॅम भरते. ऐंशी किलोच्या गड्याला ती जेवढी वाटते, त्याच्या दुप्पट ती या मुलाला वाटणार.

यावर कोणी म्हणेल, "अहो, जड साधनाने सराव केला तर हात मजबूत होईल. तालमीत नाही का जड मुदगल फिरवत?" मुदगल फिरवावेत, जरूर फिरवावेत. पण मुदगल फिरवताना समोरून चेंडू येत नसतो. ताकद कमावण्याचे साधन वेगळे आणि नेम शिकण्याचे वेगळे. जड बॅटने मुलगा ताकदवान होण्याआधी वाकडा होतो. तो खालच्या हाताने बॅट ओढू लागतो, सरळ फटका सोडून सगळे चेंडू आडवे मारू लागतो. ही खोड एकदा लागली की काढायला फार दिवस जातात.

मग कठोर साधनाला शिकण्यात जागाच नाही का? आहे आणि मोठी आहे. तिचे उत्तम उदाहरण ब्रॅडमन यांचेच. लहानपणी बाउरल या गावी ते घरामागे एकटेच खेळत. हातात बॅट नव्हे, क्रिकेटची स्टंप. चेंडू गोल्फचा. पाण्याच्या टाकीच्या विटांच्या गोल ओट्यावर चेंडू फेकायचा, तो वेडावाकडा उसळून परत आला की स्टंपने टोलवायचा. स्टंप ती केवढी? अंगठ्याहून थोडी जाड. तिच्याहून निष्ठुर साधन दुसरे नाही. नेम जरासा हुकला की चेंडू गेलाच. पण बघा, त्या खेळात चुकीची किंमत काय होती? काही नाही. चेंडू पुन्हा उचलायचा आणि फेकायचा. स्टंप हलकी होती, त्यामुळे हातावर ताण नव्हता. आणि सामन्याला जाताना ब्रॅडमन स्टंप घेऊन गेले नाहीत, बॅट घेऊन गेले.

मला जे सांगायचे आहे ते एवढ्यात आले. सरावाला कठोर साधन घ्यावे, पण ते हलके आणि स्वस्त असावे. सामन्याला सांभाळून घेणारे साधन घ्यावे. आपण नेमके याच्या उलट करतो. सरावात मोठी फळी घेऊन वाटेल तसे दांडपट्टे फिरवतो आणि सामन्याच्या दिवशी शेजारच्या गावातून कोणाची तरी जड, महागडी बॅट मागून आणतो.

शिक्षक बंधुभगिनींना हे नवीन नाही. पहिलीच्या मुलाला आपण आधी पाटी देतो. पाटीवर चुकलेले पुसता येते. शाई पुढे येते, कारण शाई चूक झाकत नाही. पाटीला कोणी कमी दर्जाची म्हणत नाही आणि मोठ्या मुलाने पाटीच धरून बसावे असेही कोणी म्हणत नाही. प्रश्न कधी बदलायचे हा असतो. मैदानावरही तसेच.

बदलण्याची वेळ आली की नाही, हे ओळखायला एक साधी परीक्षा सुचवतो. त्यासाठी लागणारी वस्तू प्रत्येक शाळेत आहे, ती म्हणजे खडू. जुना रबरी चेंडू किंचित ओला करून खडूच्या भुकटीत घोळवा. मुलाला खालून हळू असे वीस चेंडू टाका. प्रत्येक फटक्याचा पांढरा ठसा बॅटवर उमटतो. वीस चेंडूंनंतर बॅट सर्वांना दाखवा. ठसे जर पात्यावर इकडेतिकडे, कडांपर्यंत विखुरले असतील, तर त्या मुलाला आणखी काही महिने हलकी, जाड कडांची बॅट आणि स्टंपचा सराव हवा. बहुतेक ठसे तळहाताएवढ्या जागेत आले, की त्याच्या हाताला पुढच्या पायरीची बॅट खुशाल द्यावी. यात कोणाचे मत नको आणि वादही नको, बॅटवरचे ठसेच सांगतील. मुलालाही ते स्वतः वाचता येतात, हा यातला मोठा फायदा.

आता प्रत्यक्ष खरेदीविषयी थोडे.

पहिली गोष्ट मापाची. क्रिकेटच्या नियमांप्रमाणे बॅटची लांबी ९६.५ सेंटिमीटरपेक्षा जास्त आणि रुंदी १०.८ सेंटिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. ही झाली मोठ्यांची मर्यादा. मुलांसाठी १ ते ६ अशी मापे मिळतात, नंतर 'हॅरो' आणि मग मोठ्यांची. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, म्हणून मुलाला बरोबर नेल्याशिवाय बॅट घेऊ नये. मुलाला बूट घालून सरळ उभे करा आणि बॅट पायाजवळ उभी धरा. मुठीचे टोक कमरेच्या खाली, मांडीच्या सांध्याच्या आसपास यावे. मग त्याला फक्त वरच्या हाताने, म्हणजे उजवा खेळत असेल तर डाव्या हाताने, बॅट मागे उचलून सरळ पुढे आणायला सांगा. असे पाच-सहा वेळा करताना मनगट थरथरले किंवा बॅट आडवी गेली, तर ती बॅट परत ठेवा. "मोठा होईल तेव्हा येईल उपयोगी" हा हिशेब सदऱ्याच्या बाबतीत चालतो, बॅटच्या बाबतीत चालत नाही.

दुसरी गोष्ट लाकडाची. बॅटचे लाकूड विलो जातीच्या झाडाचे. ते पाण्याच्या जवळपास निम्म्याच वजनाचे, पण चिवट; मार बसला तर फुटण्याऐवजी दबते. आपल्याकडे किनवटचे जंगल जवळ आणि सागाला तोटा नाही, म्हणून गावचा सुतार हौसेने सागाची बॅट करून देतो. साग दारे-खिडक्यांना उत्तम. पण तेवढ्याच आकाराची सागाची बॅट विलोच्या जवळजवळ दीडपट जड भरते आणि बाभळीची त्याहूनही जड. सुताराकडून करून घ्यायचीच असेल, तर लहान मुलांसाठी रबरी चेंडूची, आखूड आणि हलक्या लाकडाची करून घ्यावी. त्यात काही कमीपणा नाही.

लेदरच्या चेंडूसाठी विलोचीच घ्यावी. इंग्लिश विलो महाग. काश्मीरचा विलो स्वस्त, थोडा जड आणि थोडा कडक. अनंतनाग जिल्ह्यात बिजबेहाडा-संगमच्या बाजूला या बॅटांचे कारखानेच कारखाने आहेत. शिवाय मेरठ आणि जालंधर ही या धंद्याची मोठी ठिकाणे. फाळणीनंतर सियालकोटचे बरेच कारागीर तिकडे आले आणि त्यांनी तो धंदा वाढवला. शाळकरी मुलाला काश्मीर विलो पुरेसा आहे. पात्यावरचे लाकडाचे तंतू सरळ असावेत. एखादा डाग असला तर घाबरू नये. चीर मात्र बारीक असली तरी नको. लाकडी मोगरीने किंवा जुन्या चेंडूने पात्यावर हळूच ठोकून ऐकावे. बद्द आवाजाची बॅट ठेवून द्यावी, मोकळ्या आवाजाची घ्यावी.

तिसरी गोष्ट निगेची आणि ती तर आपल्या घरातच आहे. लेदरच्या चेंडूसाठी घेतलेल्या नव्या, उघड्या लाकडाच्या बॅटला जवसाचे तेल लावतात. परदेशातले लोक ते बाटलीत विकत घेतात. आपल्याकडे जवसाची चटणी जेवणातली. तेल घाण्याचे कच्चे असावे. रंगाच्या दुकानातले उकळलेले तेल नको. कापडाने पात्याच्या पुढे, मागे, कडांना आणि टोकाला पातळ हात द्यावा. दांडा पात्यात बसवला आहे त्या सांध्यावर मात्र तेल जाऊ देऊ नये, तिथला चिकटा सैल होतो. बॅट रात्रभर आडवी ठेवावी. असे दोन-तीन वेळा केले की लाकूड मऊ पडून चिवट होते. अंगभर पारदर्शक कागद चिकटवलेला असेल तर तेल फक्त उघड्या भागालाच लावावे. त्यानंतर लाकडी मोगरीने पाते हळूहळू ठोकून घ्यावे. रोज अर्धा तास धरला तर दहा-बारा दिवस लागतात. घाई केली तर पहिल्याच सामन्यात चिरा पडतात. ओल्या मैदानावर बॅट टोकावर उभी ठेवू नये, टोकाने पाणी पिते आणि लाकूड सुजते.

आता शिक्षकांसाठी एक वेगळी गोष्ट. शाळेत खेळाच्या साहित्याला पैसे थोडे आणि मुले पुष्कळ. अशा वेळी मोह होतो, की एकच चांगली, मोठी बॅट घ्यावी. परिणाम असा होतो, की ती बॅट वर्गातल्या चार दांडग्या मुलांच्या हाती राहते आणि बाकीचे चेंडू आणून देण्यापुरते उरतात. मुलींच्या वाट्याला तर ती येतच नाही. त्याच पैशांत दोन किंवा तीन लहान-मोठ्या मापांच्या साध्या बॅटा घ्याव्यात. चार स्टंप जास्तीच्या घ्याव्यात. जुने रबरी चेंडू घ्यावेत. शाळेच्या मागच्या भिंतीवर खडूने तीन रेघा ओढून, ज्यांची पाळी नाही त्यांनी स्टंप आणि चेंडू घेऊन त्या भिंतीवर सराव करावा. त्या भिंतीपाशी कोणी कोणाला हसत नाही आणि कोणी बादही होत नाही. चूक मात्र लख्ख कळते.

मराठवाड्याचे मूल पुढे जाऊच शकत नाही, असे कोणी समजू नये. संजय बांगर यांचा जन्म बीडचा; ते भारतासाठी कसोटी सामने खेळले. जालन्याच्या विजय झोल यांनी २०११ साली एकोणीस वर्षांखालील स्पर्धेत महाराष्ट्रातर्फे नाबाद ४५१ धावा काढल्या आणि २०१४ साली त्याच वयोगटाच्या विश्वचषकात भारताचे नेतृत्व केले. हिमायतनगरच्या वावरातून असे कोणी निघेल की नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही. शंभरातली नव्याण्णव मुले मोठी खेळाडू होणारही नाहीत. पण त्यांना आयुष्यभर खेळाचा आनंद तरी मिळावा, "मला जमत नाही" असे म्हणून बाराव्या वर्षी मैदान सोडावे लागू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.

तेव्हा यंदा मुलगा किंवा मुलगी बॅट मागेल तेव्हा रागावू नका आणि लगेच पाकीटही काढू नका. आधी खडूची परीक्षा घ्या. मग त्याला बरोबर घेऊन दुकानात जा, चित्राकडे न बघता बॅट त्याच्या एका हातात द्या आणि त्याचे मनगट बघा. मोठ्या खेळाडूची बॅट पुढे घेता येईल. ती घेण्याजोगा हात तयार होईपर्यंत मुलाला आज झेपणारी बॅट द्यावी आणि घरामागे एक स्टंप व एक चेंडू असू द्यावा, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.